गाडीला नेसवलेलं लुगडं

"…मग माझी मायाच कमी पडली म्हणायची का, बाबा?"

भिकनगिरी बाबा फणस फोडत होते. हात तेलानं माखलेले, पाय विळीवर. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणावरची?"

"गाडीवरची!"

बाबांनी एक गरा सोलला, आठळी बाजूला टाकली आणि मग मठाच्या अंगणाकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

अंगणात सुभानराव चाळक्यांची मोतिया रंगाची गाडी उभी होती. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. पुढच्या बाजूला, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, हिरवं इरकली लुगडं घट्ट आवळून बांधलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखादी सासुरवाशीण ओली लाकडं फुंकून फुंकून दमलीय आणि आता पदरात तोंड खुपसून बसलीय.

"माया…" बाबा म्हणाले. "माया दिसतीय खरी."

सुभानरावांचं घाटाखालच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. माणूस सरळ, हात सढळ, पण गाडी घेतली आणि बिघडला. त्या गाडीवर बसायला आलेली माशी घसरून पलीकडच्या गटारात पडते, असं शेजारचा घड्याळवाला शपथेवर सांगे. एकदा एक कावळा तिच्या टपात आपलंच तोंड बघून इतका हरखला, की दिवेलागणीपर्यंत तिथंच नटत बसला. माशीचं कुणी मानो न मानो, कावळ्याचं खरं आहे.

सकाळी अंघोळ आधी गाडीची, मग मालकाची. आरशाला काळी बाहुली. शनिवारी दृष्ट. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक अजून तसंच. त्यावर बसलं की उन्हाळ्यात माणूस चिकटे आणि पावसाळ्यात घसरे. चपला काढल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि घाटातले खडे, किडे लागून नाकावरचा रंग उडू नये म्हणून बायकोचं लुगडं दुहेरी घडी घालून पुढं बांधलेलं.

"मला दुसरं आणणार ना?" बायकोनं विचारलं होतं.

"दुकान आपलंच आहे की," सुभानराव म्हणाले होते.

ते अजून यायचं होतं.

एवढं सगळं करूनही गाडी घाट चढायला लागली की तिचा उष्णतेचा काटा लाल रेघेकडं पळे. पंचाईत अशी, की मिस्त्रीकडं नेताना सुभानराव लुगडं सोडून, घडी करून डिकीत ठेवत. घरच्या कपड्यात परक्या माणसापुढं न्यायची म्हणजे बरं दिसत नाही. मिस्त्री बिचारा सपाटीवर फेरी मारून येई आणि म्हणे, "शेठ, ही तर गाणं म्हणतीय."

गाणं सपाटीवर. घाटात आज पुन्हा रडारड. मठाच्या वळणावर गाडीनं शेवटचा उसासा टाकला आणि ती आपल्याच वेगानं अंगणात येऊन थांबली.

"इंजिनातलं तेल कधी बघितलंस?" बाबांनी विचारलं.

"बॉनेट उघडलं की बोटांचे ठसे उमटतात, बाबा."

"हूं. चाकांतली हवा?"

"टायर बघा की! काळं पॉलिश केलंय. तोंड दिसेल."

"तोंड दिसतंय," बाबा म्हणाले. "हवा दिसत न्हाई. आणि पाणी?"

"रोज! दोन बादल्या."

"आत?"

…

बाबांनी गरा तोंडात टाकला.

बाबांची स्वतःची जीप होती. मठाइतकीच जुनी, आणि मठ कधीचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा रंग हिरवा की भगवा यावर पंचक्रोशीत दोन तट पडले होते. बाबांना विचारलं की ते म्हणत, "चालता." ती अडलेल्या बाया नेई, वैरण नेई, वऱ्हाड नेई. आज वऱ्हाड घेऊनच गेली होती.

सुभानरावांनी हताश होऊन घड्याळ बघितलं आणि एकदम उठले. बॉनेट उघडलं. ठशांचीही पर्वा केली नाही. रेडिएटरच्या टोपणाकडं हात नेला, तोच—

"हात!"

बाबांचा आवाज असा काही कडाडला, की मठामागच्या झाडावरची वानरं पलीकडच्या डोंगरावर गेली आणि तिथंच स्थायिक झाली.

"पाणी ओततो की, बाबा! तापलीय ती!"

"तापलीय म्हणून तर. आत्ता उघडशील तर थोबाडावर उकळी घेशील. बस."

"पण मला घाई आहे."

"तिला न्हाई."

सुभानराव बसले. खिशातून फोन काढला, नंबर लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात बाबांनी तेलकट हातानं फोन काढून घेतला आणि मांडीखाली सरकवला.

"कुणाला एवढं?"

"लेकीला. वैजूला." सुभानरावांचा आवाज खाली आला. "वर माळवाडीला दिलीय. सातवा सरलाय. आणायला निघालोय बाळंतपणाला. पहिलं आहे ना… पहिलं माहेरी व्हायचं असतं."

"मग?"

"ती येत नाही म्हणते."

"माहेरी?"

"माझ्या गाडीतनं."

बाबांचा विळीवरचा पाय निघाला. फणस तसाच राहिला.

सुभानरावांनी सांगितलं. नजर जमिनीवर ठेवून सांगितलं. नवीनच दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. वैजू गाडीत बसलेली, घाटातली वळणं, आणि पोरीला उलटी झाली. ती घाम पुसत होती. सुभानरावांनी मागं वळून विचारलं होतं, 'सीटवर नाही ना उडालं?'

"आधी तेच विचारलंस?"

"तोंडातनं गेलं, बाबा."

"आणि मग?"

"मग तिनं खिडकीतनं बाहेर बघितलं. घरापर्यंत बघत राहिली." सुभानराव थांबले. "आता एसटीनं मी तिला आणणार नाही, आणि या गाडीनं ती येणार नाही. विहीणबाई म्हणतात, कशाला दगदग, इथंच होऊ द्या. तिची आई तर सकाळी मला म्हणाली, पोर नाही आली तर त्या गाडीलाच डोहाळजेवण घाला."

बाबा हसले. गदगदून हसले.

"फोन द्या ना, बाबा. समजावून सांगतो तिला."

"काय सांगणार?"

"की मी… की गाडी आता…"

"तीबी तापलीय," बाबा म्हणाले. "दोन्हीकडं एकदम हात घालू नगंस."

…

वाफ विरळ झाली. बाबा आत गेले, कळशी घेऊन आले, आणि आपलं भगवं उपरणं सुभानरावांच्या नाकातोंडावरून घेऊन मागं घट्ट गाठ मारली. वर दुसरी गाठ. वर कपाळावरून हातही फिरवला.

"हे काय, बाबा?" उपरण्याच्या आतून आवाज आला.

"ऊन हाय. धूळ हाय. तुझ्यासारखा गोरागोमटा माणूस, रंग उडायचा. जा, खालच्या झऱ्यावरनं पाणी घेऊन ये तिला."

झरा खाली, पायऱ्या उभ्या. उतरताना काही वाटलं नाही. येताना कळशी भरलेली. सुभानराव निम्म्यात आले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता. आणखी थोडं वर आले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे, तेही रंगीत. मठाच्या उंबऱ्याशी त्यांनी कळशी आपटली आणि दोन्ही हातांनी उपरणं ओरबाडून काढलं. एवढा मोठा श्वास घेतला, की अंगणातली वाळत घातलेली कुरडई हलली.

बाबा दुखावल्यासारखे बघत होते.

"का रं काढलंस? मायेनं बांधलं हुतं."

सुभानराव बोलायला गेले. शब्द येईना, दमच नव्हता.

ते बाबांकडं बघत राहिले. मग हातातल्या उपरण्याकडं. मग हळूहळू त्यांची मान गाडीकडं वळली.

…

गाठी निरगाठी होत्या. नखं तुटली. लुगडं सुटलं, आणि पुढच्या जाळीतून डोंगरावरचा वारा सरळ आत शिरला. गाडीतून बारीक 'टक… टक…' असा आवाज आला. लोखंड निवताना येतो तो. सुभानरावांना मात्र शपथेवर वाटलं, की ती हुंदके देतीय.

बऱ्याच वेळानं बाबांनी टोपणावर चिंधी धरली, अर्धा आटा फिरवला, थांबले, उरलेली वाफ जाऊ दिली आणि मग ते काढलं. सुभानराव पाणी ओतत गेले. ओतत गेले. कळशी संपत आली.

"एवढी तहानलेली होती?" ते हळूच म्हणाले.

"रोज न्हाऊ घालतोस तिला," बाबा म्हणाले. "कधी घोटभर पाज की."

मग त्यांनी इंजिनातली तेलाची कांडी उपसून पुसली, पुन्हा घालून काढली, सुभानरावांच्या नाकापुढं धरली. तेल कांडीच्या टोकाशी, काळं, डिंकासारखं चिकट. मठाच्या पडवीतून डबा आणून नवं तेल घातलं. चाकांवर एकेक लाथ मारली. मागचं डावं चाक कण्हलं.

"पुढच्या पंपावर हवा भर," ते म्हणाले. "आणि थांब. सोबत हाय."

सोबत म्हणजे मठाची शेळी. चंद्री तिचं नाव. पोट टम्म, डोळे लाल, सकाळपासून कळा देत होती आणि पिल्लू येत नव्हतं. जनावरांचा दवाखाना माळवाडीला, आणि जीप वऱ्हाडात.

सुभानरावांनी शेळीकडं बघितलं. शेळीच्या खुरांकडं बघितलं. मग बाबांच्या पायांकडं. त्यांना घोट्यापर्यंत चिखल.

"डिकीत…?" त्यांनी विचारून बघितलं.

बाबा नुसते बघत राहिले.

"नाही, नाही. मागं बसा. मागंच बसा."

गाडी सुरू झाली. खरंच गाणं म्हणाली. चढ चढली आणि काटा मध्यावर असा बसून राहिला, जसा एखादा द्वाड विद्यार्थी शाळेत साहेब आल्यावर बसतो. सुभानरावांना आनंदानं हसू येत होतं, पण मागून प्लॅस्टिक चरचरल्याचा आवाज आला की ते हसू अर्ध्यात मरत होतं.

वरचा चढ संपून उतार लागला. सुभानरावांनी सवयीनं गिअर काढला आणि गाडी तशीच सोडून दिली. पेट्रोल वाचतं म्हणून. वेग वाढला तसे ब्रेक दाबू लागले.

"उतारावर हात सोडतोस काय रं तिचा?" मागून आवाज आला. "ज्या गिअरात चढवलीस, त्याच गिअरात उतरव. ब्रेक तरी किती सोसंल?"

सुभानरावांनी गिअर टाकला. गाडी घुमली, सावरली, आपसूक धिमी झाली. जणू कुणी कोपराला धरून उतरवतंय.

तेवढ्यात चंद्री अशी किंचाळली, की सुभानरावांनी रस्त्याकडेला घेऊन गाडी उभीच केली.

"आलं वाटतं," बाबा म्हणाले. "पण हिला पाय रोवता येईनात. सरकतीय."

सुभानराव मागं वळले. शेळी कळ आली की उठायला बघे, प्लॅस्टिकवर खूर टाके, घसरून पडे. पुन्हा उठे, पुन्हा पडे. तिची जीभ बाहेर आली होती. ती ओरडायचीही थांबली आणि नुसती सुभानरावांकडं बघू लागली.

त्या बघण्यात काय होतं कुणास ठाऊक. सुभानराव उतरले, मागचं दार उघडलं, आणि कंपनीचं, जिवापाड जपलेलं ते प्लॅस्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. पुढच्या सीटवरचं लुगडं ओढून शेळीखाली अंथरलं. स्वतः गुडघ्यांवर आत शिरले.

"धर तिला," बाबा म्हणाले. "छातीशी घे. हां. आता बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"बाप हायस न्हवं?"

सुभानराव काय बोलले ते त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. बाबांनीही नाही. एवढं खरं, की चंद्रीनं खूर लुगड्यात रुतवले, एक शेवटची कळ दिली, आणि एक काळं, ओलंचिंब, कानांनी पाय झाकले जातील एवढ्या लांब कानांचं पिल्लू सुभानरावांच्या मांडीवर येऊन पडलं.

ते हललं नाही.

"बाबा…"

"चोळ."

सुभानराव लुगड्याच्या पदरानं चोळू लागले.

"बाबा, हे हलत नाही."

"चोळ म्हन्तो न्हवं."

चोळता चोळता त्यांच्या तोंडून "ए बाळा, ए राजा" असलं काहीबाही निघत होतं. पिल्लू शिंकलं. सुभानरावांच्या तोंडावरच शिंकलं. आणि इतके दिवस सीटला जपणारा तो माणूस रस्त्याच्या कडेला, शेळीला टेकून, रडायला लागला.

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून गाडीच्या पत्र्यावर थोपटलं.

"आता हाक सावकाश. दोघं बाळंत झालेत."

पंप आला, हवा भरली. माळवाडी आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आई-पिल्लू तपासलं, म्हणाले, ठणठणीत, हिला फक्त गरम पाणी आणि गूळ द्या, आणि घरी न्या. घर म्हटलं तर सगळ्यांत जवळचं वैजूचंच होतं.

गाडी दारात थांबली. वैजू ओसरीवर आली. पोटावर हात, कपाळावर आठी. तिनं गाडी बघितली आणि आठी जरा हलली. चाकांना चिखल, टपावर करवंदीचा पाला, काचेवर शेळीच्या नाकाचा ठसा.

"अप्पा, गाडी कुणाची आणलीत?"

उत्तर आलं नाही. हाकणारा गाडी थांबताच मागं शिरला होता; पुढच्या सीटवर कुणी नव्हतंच. मागच्या दारातून सुभानरावांचं तोंड बाहेर आलं. केस विस्कटलेले, शर्टाला नको ते सगळं लागलेलं, आणि छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"वैजू! गरम पाणी आण गं, गूळ घालून… नको! तू नको. तू उतरू नको पायरी. विहीणबाईंना सांग. तू बस. पाणी प्यायलीस का तू?"

वैजू उभीच राहिली.

"हे काय, अप्पा?"

"चंद्रीचं आहे. अडली होती बिचारी. बघ, कान बघ केवढे! तुझ्या आजोबांचे असेच होते."

वैजूनं गाडीत वाकून बघितलं. फाटलेलं प्लॅस्टिक. रक्त. लेंड्या. आणि कोपऱ्यात मांडी घालून बसलेले एक गोसावी, फणसाचा गरा खात.

"अप्पा…" ती म्हणाली. "सीट?"

"कुठली सीट?"

…

वैजूनं हात पुढं केला. पिल्लाच्या कपाळावरून एक बोट फिरवलं. मग त्याच हातानं बापाच्या गालावर लागलेला डाग पुसला, आणि आत वळून हाक मारली, "आई, माझी पिशवी द्या हो."

विहीणबाई गुळाच्या पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. गाडीची अवस्था बघून जागच्या जागी थबकल्या.

"अगं, असल्या गाडीतनं जाणार तू?"

"असल्याच."

चंद्री पाणी प्यायली. पिल्लू दूध प्यायलं. वैजू पुढच्या सीटवर चपलांसकट चढून बसली, पाय सैल सोडले, काच खाली घेतली. मठापर्यंत बाबा आणि शेळी, पुढं ती आणि अप्पा, असं ठरलं.

सुभानराव चाकामागं बसले. किल्ली लावली. मग त्यांचं लक्ष समोरच्या काचेकडं गेलं, मग शेजारी, मग आरशातून मागं, आणि जुन्या सवयीनं हात सीटखाली, पुसायच्या फडक्याकडं गेला.

"बाबा," ते ओशाळून म्हणाले, "पोरगी बसलीय… निघायच्या आधी जरा पुसून घेऊ का?"

बाबांनी पिल्लाला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि मागं टेकले.

"भरल्या पंगतीत ताटं घासायला काढतोस व्हय रं?"